तीन कुलपांची पेटी

"मॅडम, कपाटाचं काय करायचं?"

मागच्या पावसाळ्यात आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून फोन आला. बोलणारी तिथल्या लोकसंचालित साधन केंद्राची लेखापाल. घरमालकाच्या घरी लग्न निघालं होतं आणि त्याने खोली रिकामी करून मागितली होती. चार महिन्यांचं भाडं थकलेलं, त्यामुळे तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. टेबल-खुर्च्या कुणाच्या तरी ओट्यावर गेल्या असत्या, पंखा उतरवता आला असता. अडलं ते लोखंडी कपाटापाशी. त्यात बारा वर्षांचं दप्तर होतं. गटांची कर्जखाती, ठरावांच्या वह्या, ऑडिटचे अहवाल. तळाच्या कप्प्यात शाईचं पॅड होतं, वाळून कडक झालेलं. सुरुवातीच्या वर्षांत अंगठे घ्यायला आणलेलं. मग बाया सही शिकल्या आणि पॅड तसंच पडून राहिलं.

मी या जिल्ह्याच्या वेगवेगळ्या तालुक्यांत चौदा वर्षं सहयोगिनी म्हणून फिरले. सहयोगिनी म्हणजे गावोगाव जाऊन गट बांधणारी, वह्या तपासणारी, भांडणं मिटवणारी बाई. पैठणला मोसंबीचा तोडा कधी, सिल्लोडला मिरची कधी, कुठल्या महिन्यात बायांना बैठकीला सवडच नसते, हे मला अजून तोंडपाठ आहे. त्या फोननंतर दोन रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना हे केंद्र म्हणजे काय प्रकरण आहे ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गावात दहा-पंधरा बायांचा बचत गट. गावातल्या सगळ्या गटांची मिळून ग्रामसमिती. आणि आसपासच्या वीसेक गावांतल्या गटांचं मिळून तालुक्याला किंवा बाजाराच्या मोठ्या गावी एक लोकसंचालित साधन केंद्र. नाव सरकारी वाटतं, पण केंद्र सरकारचं नाही. ती बायांची नोंदणीकृत संस्था आहे. कार्यकारिणी गटांतल्या बाया निवडतात, व्यवस्थापक आणि लेखापाल त्या नेमतात, पगार त्या ठरवतात, आणि वर्षातून एकदा सगळा हिशोब सभेपुढे ठेवावा लागतो. एवढं लांबलचक नाव बोलताना कुणी घेत नाही. कागदावर 'सीएमआरसी', तोंडी 'ऑफिस'. गावात नवी सून आली की सासू सांगते, "मंगळवारी ऑफिसला जायचंय मला, स्वयंपाक तू बघ." हे वाक्य ऐकायला या जिल्ह्याला किती वर्षं लागली, ते मी पाहिलेलं आहे.

हे ऑफिस वाचवलं पाहिजे. बंद पडल्यावर हळहळण्यापेक्षा आत्ता, कुलूप लागायच्या आत.

ही केंद्रं आभाळातून पडली नाहीत. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं 'माविम', 24 फेब्रुवारी 1975 ला स्थापन झालं. ते साल आंतरराष्ट्रीय महिला वर्षाचं. पुढे रोमला मुख्यालय असलेला संयुक्त राष्ट्रांचा कृषी विकास निधी, ज्याला सगळे 'इफाड' म्हणतात, त्याच्या कर्जातून 2007 मध्ये 'तेजस्विनी' प्रकल्प सुरू झाला आणि 2018 पर्यंत चालला. राज्यभर तीनशेहून अधिक केंद्रं या काळात उभी राहिली. त्यानंतर 'नवतेजस्विनी' आला. तोही प्रकल्पच आहे, म्हणजे त्यालाही शेवटची तारीख आहे. प्रकल्प चालू असतो तेव्हा गाडी येते, साहेब येतात, फ्लेक्स लागतो, परदेशी पाहुण्यांना फेटे बांधले जातात. प्रकल्प संपला की गाडी येत नाही. मग सेवाशुल्कावर भागवा, स्वतःच्या पायावर उभं राहा, असं सांगितलं जातं. तत्त्व म्हणून मला ते मान्यच आहे. पण एखाद्या पोरीला दहावीपर्यंत शिकवून 'आता तुझं तू बघ' म्हणण्यासारखं ते आहे. काही पोरी बघतातही. सगळ्यांना नाही जमत.

बाहेरच्या पैशातून आलेल्या कामात बाईला जागा मिळाली, ही गोष्ट मराठवाड्यात किती अवघड होती ते समजायचं तर किल्लारीच्या भूकंपापर्यंत मागं जावं लागेल. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. जी गावं पार जमीनदोस्त झाली ती नव्या जागी वसवली. पण लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत घरं पडझडीची होती, उभी होती. तिथं लोकांनी स्वतःच दुरुस्ती करायची, सरकारने मदत द्यायची, असं ठरलं. आता दुरुस्ती म्हणजे काय हे सांगायला इंजिनिअर गावात यायचा तेव्हा तो पारावर बोलायचा. पारावर पुरुष. घरात दिवसभर राहणारी, कुठली भिंत कुठं फुगली आहे ते बोटावर सांगू शकणारी बाई दाराआड. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने आग्रह धरला की गावागावात बायांनाच 'संवाद सहायक' नेमा. आणि बाया शिकल्या. कोपरा कसा बांधायचा, दारा-खिडक्यांवरून सलग पट्टा का टाकायचा, दगडी भिंतीची दोन्ही अंगं एकमेकांना धरून ठेवायला मधूनमधून लांब दगड का घालायचा. सिमेंटचं पोतं मोजून घ्यायला शिकल्या. 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बाया तिकडच्या बायांशी बोलायला गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेल्या घरात चूल कुठं मांडायची हा प्रश्न तोच.

नंतर पाण्याच्या योजना आल्या. जागतिक बँकेचं 'जलस्वराज्य' आणि पुणे, नगर आणि आपला, तेव्हाचा औरंगाबाद, या तीन जिल्ह्यांत जर्मन बँकेच्या मदतीचं 'आपलं पाणी'. समितीत निम्म्या बाया हव्यात, ही अट या काळात गावागावात पोचली. अट चांगली. पण अटीचं गावात काय होतं तेही पाहिलंय. एका गावात मी पाणी समितीचं रजिस्टर उघडलं. बारा सदस्य, सहा बाया. सहाही जणींच्या सह्या एकाच वळणदार अक्षरात! ग्रामपंचायतीचा शिपाई सुंदर अक्षराचा होता. वरच्या अहवालात मात्र पन्नास टक्के सहभाग.

आता जरा लांब जाऊ, आफ्रिकेत. विषय सोडून चाललेय असं वाटेल, पण छत्रपती संभाजीनगर शहराला आफ्रिका लांबची नाही. 1610 मध्ये खडकी नावाने हे शहर वसलं, ते वसवणारा मलिक अंबर हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला. गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने डोंगरापलीकडचं पाणी जमिनीखालून नहरीने शहरात आणलं. खुलताबादला त्याची कबर आहे, जवळच त्याच्या बेगमेची, बीबी करिमाची. नहर कुणी बांधली हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला सांगता येतं. करिमाबद्दल मात्र कबरीपलीकडे काही सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. आणि नहर खोदताना मातीच्या टोपल्या वाहणाऱ्या बाया असणारच, त्यांचा तर प्रश्नच नाही.

तर आफ्रिकेतली एक गोष्ट. गांबिया नावाचा चिमुकला देश आहे, नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला. तिथं पाणथळ जमिनीत भात पिकवायचा तो बायांनी. ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बाईने स्वतः झाडझुडूप काढून तयार केलेल्या खाचरावर तिचा हक्क, त्यातलं पीक तिचं. 1984 मध्ये तिथं जहाली-पचार भात प्रकल्प सुरू झाला. पंप, कालवे, वर्षाला दोन पिकं, सुमारे दीड हजार हेक्टर. पैसे देणाऱ्यांत हाच आपला इफाड. जमिनीचे तुकडे बायांच्या नावावर करायचे, असं ठरलंही होतं. वाटप झालं तेव्हा तीच जमीन 'घरची' ठरली, आणि घरची म्हटलं की कर्त्या पुरुषाच्या ताब्यात. राबायचं बाईनेच, आता वर्षातून दोनदा. पीक मात्र घराच्या कोठारात आणि विक्रीचे पैसे कर्त्याच्या हातात. काही बायांनी कामावर जायचं सोडलं. काहींनी आपल्या 'काफो' उभ्या केल्या. काफो म्हणजे आपल्याकडच्या सावडीसारखी कामाला एकत्र जाणारी बायांची टोळी. एकत्र गेल्यावर मजुरी वाढवून मागता आली. आपल्याच खाचरात मजुरी मागायची पाळी आली ती आली, पण निदान मागायला चार जणी सोबत होत्या.

हे वाचताना मला आपला सातबारा आठवतो. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर शेतीधारकांत बाया चौदाच्या आसपास भरल्या. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी केलीही. पण आजही जागतिक बँकेच्या मदतीचा 'पोकरा' हा शेतीचा प्रकल्प येतो, ठिबक, शेडनेट, शेततळ्याचं अनुदान येतं, आणि अर्जासोबत पहिला कागद लागतो तो सातबाराच. अद्रकाच्या वाफ्यात वाकून कंबर गेलेली बाई त्या कागदावर नसते. ती फक्त एकाच कागदावर मालक म्हणून असते, गटाच्या आणि केंद्राच्या.

दुसरी गोष्ट नायजरची. सहाराच्या कडेचा, गरीब देश. 1991 मध्ये तिथल्या मरादी भागात 'केअर' या संस्थेने बायांचे बचत गट सुरू केले. बाहेरून एका पैशाचंही भांडवल द्यायचं नाही, असं ठरवून. बायांनी आपलेच पैसे साठवायचे, आपल्यातच कर्ज द्यायचं, वर्षाअखेर व्याजासकट वाटून घ्यायचे आणि पुन्हा सुरुवात. तिथून ही पद्धत आफ्रिकेच्या देशोदेशी गेली. लाखो बाया तिच्यात आहेत. बाहेरच्या भांडवलाशिवाय!

काही वर्षांपूर्वी आपल्या विद्यापीठात शिकणारी इथिओपियाची एक मुलगी माझ्या ओळखीची झाली. तिला खेड्यातला गट बघायचा होता. फुलंब्रीकडच्या एका गावात घेऊन गेले. देवळाच्या सभामंडपात बैठक. बाया आधी तिच्या केसांच्या बारीक वेण्या बघत बसल्या. वीस रुपये, पन्नास रुपये जमा होऊ लागले. मी तिला भिशी समजावून सांगायला लागले तर ती हसायलाच लागली. म्हणाली, आमच्याकडे याला इकूब म्हणतात, माझी आई तीस वर्षं घालते आहे. मयताच्या खर्चासाठी वेगळी मंडळी असते, तिला इद्दिर म्हणतात. मग तिने तिच्या मावशीच्या गावच्या गटाची पेटी सांगितली. पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन बायांकडे, आणि पेटी चौथीच्या घरी. तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही.

हे मराठीत सांगितल्यावर सभामंडपात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक आजी म्हणाल्या, "आन् आपल्या पेटीला एकच कुलूप. किल्ली सचिवाच्या नवऱ्याच्या खिशात."

अशी हसली बाई सगळी बैठक! सचिवही हसली, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा पेटी बदललेली होती. शहरातल्या पैठण गेटहून पत्र्याची नवी पेटी आणली होती आणि लोहाराकडून तीन कड्या मारून घेतल्या होत्या. सहभाग सहभाग म्हणतात तो मोजायचा असला तर मी या तीन कड्या मोजेन. हजेरीपत्रक नंतर बघू.

लोकसंचालित केंद्र म्हणजे याच पेटीची मोठी आवृत्ती. एका केंद्राच्या वार्षिक सभेचा प्रसंग सांगते. मंगल कार्यालय भाड्याने घेतलेलं, साडेतीनशे-चारशे बाया, बाहेर पोह्यांची पातेली. व्यासपीठावर एका बँकेचे अधिकारी पाहुणे म्हणून. व्यवस्थापक जमाखर्च वाचत होती. 'किरकोळ खर्च, अठरा हजार चारशे' असं वाचून ती पुढच्या रकमेवर गेली तशी अजिंठ्याच्या डोंगराकडच्या गावातली एक बाई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "ते किरकोळ म्हंजी काय काय?"

कुजबुज झाली. व्यवस्थापक म्हणाली, चहा, झेरॉक्स, रिक्षा. बाई म्हणाली, "पावत्या वाचा." एवढ्या बायांपुढे पावत्या वाचायला घेतल्या. पंचवीस मिनिटं लागली. घड्याळ बघणाऱ्या साहेबांनी मोबाइल खाली ठेवला. झेरॉक्सची एक पावती दोनदा चढलेली निघाली, सहाशे चाळीस रुपयांची. चूक लिहून घेतली, दुरुस्तीचा ठराव झाला. बाई "बरं, लिवा" म्हणून खाली बसली. नंतर पोह्यांच्या रांगेत मी तिला विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाली, "आपलाच पैसा हाय ना. घरात नवऱ्याला इचारता येत नाय, हितं तरी इचारावं."

शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

असं ऑफिस मोडकळीला का येतं? कारण एक नाही. प्रकल्पातून मिळणारा पगाराचा वाटा थांबतो आणि गटांकडून येणारं सेवाशुल्क पुरत नाही. गटांनाही वाटतं, साहेब येत नाहीत तर शुल्क कशाला द्यायचं. दुसरीकडे गावात आठवड्याला मायक्रोफायनान्सवाल्यांची मोटारसायकल येते. पाच बायांना एकमेकींचे जामीन करते, दारात पैसे देते आणि दारात हप्ता नेते. बँकेतून गटाचं कर्ज काढायला तीन फेऱ्या, इथं एकही नाही. व्याजाचा हिशोब बाईला मागाहून कळतो. मग ती केंद्राच्या गटाचा हप्ता चुकवून मोटारसायकलचा भरते, कारण ती दारात येऊन बसते. गट हळूहळू फुटतो. त्यात माविमचा गट वेगळा, 'उमेद'चा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, वेगळा, एकाच बाईला दोन्हीकडून बोलावणं. आणि निवडणूक आली की सगळ्यांनाच गट आठवतात. गर्दी लागते ना.

केंद्रांचे स्वतःचे दोषही आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. एक केंद्र मी पाहिलं तिथं अध्यक्षाच्या खुर्चीत अध्यक्षांचे यजमान बसलेले असायचे आणि अध्यक्ष चहा सांगायला जायच्या. दुसऱ्या एका ठिकाणी तीच पाच नावं नऊ वर्षं फिरत होती. अशा केंद्रांसाठी मी हा लेख लिहीत नाही. पण दहा वर्षं ऑडिट स्वच्छ असलेलं केंद्र केवळ खोलीच्या भाड्यापायी बंद पडावं, हे मला पटत नाही. लेखापाल मुलीला आठ महिने अर्धा पगार आणि तरी ती महिनाअखेर ताळा जुळवते आहे. तिचं लग्न ठरलं तर ती जाईल. तिच्या जागी कोण येईल?

म्हणून काही मागण्या आहेत.

पहिली मागणी गावाकडच्या वाचकांकडे. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची कायद्याची तरतूद आहे. ती कागदावर उरकली जाते. या वेळी प्रत्यक्ष भरवा, आणि तिथं एकच गोष्ट विचारा, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले महिला व बालकल्याणाचे दहा टक्के गेल्या तीन वर्षांत कशावर गेले? बहुतेक गावांत उत्तर शिलाई मशीन आणि सतरंज्या असं येईल. ठराव करा की त्यातला वाटा आपल्या गटांच्या केंद्राच्या कामाला लागावा. नियमात बसतो का, असं ग्रामपंचायत अधिकारी म्हणतील. बसवून घ्यावं लागेल, पंचायत समितीपर्यंत जावं लागेल. त्या मंगल कार्यालयातल्या बाईने पावत्या वाचायला लावल्या, आपल्याला हे जमू नये?

गावात रिकामं समाजमंदिर असेल, पटसंख्या घटून बंद झालेली शाळेची खोली असेल, तर तीही सुचवा. भाड्याचा प्रश्न सुटला की निम्मं ओझं उतरतं.

आणि पाण्याचं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासायचं किट शिकवायचं आहे. काचेच्या नळीत पाणी, त्यात थेंब, मग रंग बघून तक्त्याशी ताडायचा. जिथं गट जिवंत आहेत तिथं या बाया खरंच तपासतात, बाकी ठिकाणी किट ग्रामपंचायतीच्या माळ्यावर. तुमच्या गावचं किट कुठं आहे, बघून या. शहरातल्यांनी हसू नये. आपल्याकडे नळ कित्येक दिवसांनी येत आला आहे आणि पाणी किती वाजता सुटेल यावर आपण बायकांनी आयुष्याची वेळापत्रकं बांधली आहेत. ती वेळ ठरवताना तुम्हाला कधी कुणी विचारलं?

शहरातल्या सनदी लेखापालांना मी हात जोडून सांगते. वर्षातून चार दिवस द्या. एका केंद्राचं लेखापरीक्षण नाममात्र शुल्कात करून द्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लेखापाल मुलीला दोन दिवस शेजारी बसवून शिकवा. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखानदारांनो, तुमच्या कॅन्टीनला मसाला, लोणचं, पापड लागतंच. दया म्हणून घेऊ नका. चव बघा, भाव करा, नमुना परत पाठवा, सगळं करा, फक्त पैसे तीस दिवसांत द्या. शहरातल्या एका दुकानाने दिवाळीच्या चकलीचे पैसे गटाला होळीला दिले होते. तेवढ्यात त्या गटाचं खेळतं भांडवल संपलं आणि दोन जणी ऊसतोडीला गेल्या.

बँकांकडे मागणं एवढंच आहे की गटाच्या बायांसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी 'उद्या या' म्हणू नका. तालुक्याला येऊन-जाऊन एका बाईचा रोज बुडतो.

माविम आणि उमेदच्या वरिष्ठांना, ज्यांच्यापैकी पुष्कळांना मी मानते, माझी एकच विनंती आहे. प्रकल्पाच्या शेवटच्या वर्षात समारोपाचे कार्यक्रम कमी करा आणि तो पैसा केंद्राच्या नावाने कायम ठेवीत घाला. व्याजातून खोलीचं भाडं निघालं तरी केंद्र उभं राहतं. आणि पुढचा परदेशी पाहुणा आला की त्याला फेटा बांधण्याआधी वार्षिक सभेत चारशे बायांमध्ये मागच्या रांगेत बसवा. आफ्रिकेतून कुणी आलं तर आवर्जून बसवा, त्यांच्या गावाकडे सांगायला त्यांना काहीतरी मिळेल आणि आपल्या बायांना त्यांच्याकडून आणखी एखादं कुलूप.

गटातल्या बायांनो, तुम्हाला काय सांगू? सेवाशुल्क भरा. वर्षाकाठी माणशी एका साडीच्या फॉलबिडिंगइतकंही ते होत नाही. वार्षिक सभेला या, सुनेलाही आणा. 'किरकोळ' म्हणजे काय ते विचारा.

त्या कपाटाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. कार्यकारिणीच्या एका बाईने आपल्या पडवीत जागा केली. दोन बैलगाड्यांचं काम होतं, शेवटी टेम्पो केला. कपाट तिथं ताडपत्री पांघरून उभं आहे, खाली विटा घातल्यात, वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला. बैठका तिथंच, शेळ्या बाजूला बांधून. ठरावाच्या वहीत या पावसाळ्यातही एक महिना चुकलेला नाही.

त्यांना दहा बाय बाराची कोरडी खोली हवी आहे, वीज असलेली, बसस्थानकापासून पायी जाता येईल अशी. तुमच्या तालुक्यातही असं एखादं केंद्र असेल. उद्या चौकशी करा, आणि खोली असेल तर जाऊन सांगा.